दोनशे सातचा काटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. रविवारची दुपार होती, होळी होऊन आठवडा झाला असेल. मोड आलेले कडवे वाल परातीत, परात मधे, अलीकडे मी, पलीकडे ही, माझी बायको वत्सला. मी सोललेला प्रत्येक वाल ती पुन्हा उचलून बघायची, कारण माझ्या हातात निम्म्या वालांची दोन दोन भकलं व्हायची.

"इतकी वर्सां लोखांड सोलतास," ती म्हणाली, "आणि वाल सोलूक येणा नाय?"

मी पुढचा वाल उचलला. मग मान वर न करता तिने विचारलं, "सांगलात काय त्या चेडवाक?" चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

"आज रविवार गो. बंद असता."

"काल शनिवार होतो."

"काल सायब बाजूक बसले होते."

"मगे उद्या?"

"उद्या नक्की."

"मंगळवारी कागद पोस्टात पडतलो. मगे सांगान काय उपेग? मगे सत्यनारायण घाला."

सोमवारी दुपारी ती गेली. हार्ट. साठीसुद्धा गाठली नाही. त्याला आता तीन वर्षं झाली.

काय सांगायचं होतं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला ते महिनाभर का सांगता आलं नाही, हे कळायला आधी माझा धंदा कळायला पाहिजे. या अंकाचे संपादक म्हणाले, "परब, तुमच्या कारखान्यातल्या आठवणी द्या." मी म्हटलं, तो कारखाना नव्हता हो. कारखान्यात काहीतरी तयार होतं. आमच्याकडे जे तयार व्हायचं ते तुम्ही "काय" म्हणेपर्यंत संपलेलं असायचं.

मी टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. शिक्षण सातवी. कुर्ल्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं बोल्ट कापले. तो बंद पडला तेव्हा एका ओळखीने अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमधे लागलो. राहायला असल्फ्याच्या टेकडीवर, म्हणजे बसने वीस मिनिटं. तिथले साहेब डॉक्टर केळकर. औषधाचे नव्हेत, धातूचे. आमची वत्सला मात्र पहिलं वर्षभर मला सांगत होती की गुडघ्याचं त्यांना विचारून या.

साहेबांनी मला पहिल्या दिवशी जे समजावलं ते माझ्या शब्दात सांगतो. धातूचा एकटा कण कसा वागतो ते लोकांना माहीत आहे. धातूचा ढीग कसा वागतो तेही माहीत आहे. ढीग म्हणजे कढई, खिळा, रेल्वेचा रूळ. पण चार, आठ, तेरा असे कण एकत्र आले आणि त्यांचं टोळकं झालं, तर ते कसं वागेल हे कोणालाच धड माहीत नव्हतं. हे अगदी माणसासारखं आहे. एकटा पोरगा गरीब असतो. शाळेची अख्खी रांग पण गरीब असते. नाक्यावर सहा जण उभे राहिले की बघा.

त्यात आमच्या साहेबांना हौस मिश्र टोळक्यांची. कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र. आणि हे टोळकं कशाला टेकलेलं नको, वायूत तरंगत पाहिजे. टेकलं की टेकूचा गुण लागतो. मग त्या तरंगत्या टोळक्यावर हायड्रोजन सोडायचा. काही टोळकी तो झडप घालून पकडतात, काही ढुंकून बघत नाहीत. सात कोबाल्ट एक तऱ्हेने वागतील, त्यात एक अ‍ॅल्युमिनियम घुसवलं की दुसऱ्या तऱ्हेने. त्या वागण्यावरून साहेब ओळखणार की टोळक्यात कोण आत बसलाय आणि कोण बाहेर उभा आहे. तेरा जणांचं असेल तर एक मधे आणि बारा त्याला वेढून, असा त्यांचा अंदाज. मधे कोण? बाहेर कोण? यावर साहेब दोन दोन तास बोलायचे. मला ते लग्नातल्या फोटोसारखं वाटायचं. कोण मधे उभा राहिला त्यावरून घर कोणाचं चालतं ते कळतं.

यंत्र म्हणजे आडवं ठेवलेलं स्टीलचं पिंप, आतली सगळी हवा पंपाने उपसलेली. त्यात मी केलेला रॉड. पेन्सिलीएवढा जाड, बोटभर लांब, दोन्ही धातू वितळवून एक केलेल्या कांडीतून कापलेला. तो स्क्रूसारखा फिरत फिरत पुढे सरकायचा आणि त्यावर लेझरचा हिरवा प्रकाश टकटक मारायचा. सरकायचा अशासाठी की प्रत्येक टोला नव्या जागेवर बसावा, एकाच जागी खड्डा नको. टोला बसला की धातूची वाफ उडणार, वरून हेलियमची थंड फुंकर येणार, गारठून कण एकमेकांना बिलगणार. झालं टोळकं. पुढे हायड्रोजनची परीक्षा, आणि शेवटी शर्यत. हलकी टोळकी आधी पोचतात, भारी मागून. पडद्यावर प्रत्येकाचा एक काटा उभा राहतो, आणि काटा कुठे उभा राहिला त्यावरून वजन कळतं. बस. या एवढ्यासाठी आम्ही सहा माणसं आणि तीन पंप.

एकदा दिल्लीहून मोठे पाहुणे आले. सगळं फिरून बघितलं, पिंपावर टिचकी मारली आणि विचारलं, "बहुत अच्छा. माल कहाँ निकलता है?"

साहेब म्हणाले, माल सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच असतो.

"तो फिर रखते कहाँ हैं?"

साहेबांच्या आधी मी म्हटलं, "साहब, हमारे चाळ के पानी जैसा है. बाल्टी लाने तक चला जाता है." पाहुणे खूश. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच एका भाषणात तेच वाक्य वापरलं.

आता सोवळ्याचं सांगतो. त्या यंत्राचं सोवळं म्हणजे काय विचारू नका. रॉडला उघडं बोट लागलं तर बोटावरचं घामाचं मीठ पडद्यावर दिसायचं. खरंच दिसायचं. सोडियमचा काटा असा ताठ उभा राहायचा की जणू पाहुण्यांच्या पंगतीत न बोलावलेला जावई. म्हणून कोपरापर्यंत हात धुवायचे, हातमोजे घालायचे, रॉड तीन पाण्यांनी, म्हणजे तीन द्रावणांनी धुवायचा, चिमट्याने उचलायचा. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "तुमच्या सायबाचा सोवळा आमच्या सासूबायच्या वरचा. त्यांका निदान पाणी चलायचा."

सुरुवातीला माझ्या हातून गाढवपणा झाला होता. पिंपाचं झाकण लावलं, पंप चालू, आणि हवा काही उपसेना. कुठून तरी गळत होतं. तीन दिवस आम्ही सांधा न् सांधा शोधला. शेवटी झाकणाखालच्या रबरी कड्यावर एक केस सापडला. आडवा पडलेला, राखाडी, ताठ. तो चिमट्यात धरून वर उचलला सामंतबाईंनी. या सामंतबाई म्हणजे साहेबांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी, तेव्हा चोवीस-पंचवीसची. मुलुंडहून यायची, डब्यात रोज भेंडी आणायची.

"काका," ती म्हणाली, "ही तुमची मिशी."

त्या दिवसापासून मी मिशी ठेवली नाही. सव्वीस वर्षांची मिशी. वत्सलाने दार उघडलं आणि विचारलं, "कोण होया?", म्हणजे कोण पाहिजे? पण त्यानंतर माझ्या हातून कधी घाण गेली नाही. हळूहळू असं झालं की पडद्यावर काही वेडंवाकडं दिसलं की साहेब पंप तपासायचे, लेझर तपासायचे, गॅसची नळी तपासायचे. रॉड तपासायचे नाहीत. रॉड परबचा आहे ना, मग झालं. मी वर्कशॉपमधे अशी मान ताठ करून चालायचो की परेरा म्हणायचा, "हळू चल रे परब, वरचा पंखा लागेल."

परेरा म्हणजे आमचा काच फुंकणारा. मरोळच्या गावठाणातला, तिथलाच जुना रहिवासी, घरासमोर विहीर आणि क्रूस. लॅबच्या काचेच्या नळ्या, फुगे, तोट्या, सगळं त्याच्या तोंडातून निघालेलं. माझा तिथला एकमेव दोस्त.

पंच्याऐंशी साल आमचं वाईट गेलं. एक पंप जळला. लेझरचा दिवा गेला. हेलियमची तोटी अडकली. सामंतबाईंचा प्रबंध एक वर्ष मागे पडला आणि एका दिवशी मी वर्कशॉपमधे गेलो तर बाई माझ्या लेथच्या मागे बसून रडत होत्या. मी घरी सांगितलं.

वत्सला म्हणाली, "तुमी खंडेनवमीक लेथाची पूजा करतास. त्या आतल्याची कोण करता?"

"आत जावचा नाय. सोवळा असता."

"देवाचा सोवळा काय वेगळा असता? भायर हळदकुंकू लावन काय उपेग? काम करता तो आत. आमच्या गावाक ऐरणीक शेंदूर लावतत, ऐरण कधी फुटली नाय."

आणि तिने मला डबी दिली. तिच्या माहेरच्या मारुतीचा शेंदूर, तेलात कालवलेला.

खंडेनवमीला वर्कशॉपची पूजा झाली. सगळे पेढे खात होते. साहेब खात होते, बाई खात होत्या, परेराने तीन खाल्ले. मी लॅबमधे गेलो. नवा धुतलेला रॉड पातळ पत्र्याच्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवला होता. मी तो उघडला. रॉडचं एक टोक चकमधे, म्हणजे पकडीत, धरलं जातं, लेझर तिथपर्यंत पोचतच नाही, हे मला माहीत होतं. त्या शेपटीच्या टोकाला मी शेंदराचा टिळा लावला. हात जोडले. म्हटलं, देवा, या पोरीचं काम होऊ दे. मग स्वच्छ फडक्याने पुसून टाकला.

पुसला. धुतला नाही. तीन तीनदा धुणारा मी, त्या दिवशी धुतला नाही. धुतला असता तर पूजा धुतली गेली असती, असं मला वाटलं. खरं तेच लिहितोय.

आणि हसू नका, त्यानंतर यंत्र तीन महिने असं चाललं की बस. गळती नाही, कुरकुर नाही. बाई गाणं गुणगुणायला लागल्या. वत्सलाने मला रोज ऐकवलं.

जानेवारीत रॉड अर्धा खाऊन झाला. पुढची मिश्र धातूची कांडी परदेशातून यायची होती, ती आली नव्हती. बाई म्हणाल्या, "आता काय करायचं काका? थांबायचं?"

मी म्हटलं, "थांबायचं कशाला? शर्टाची कॉलर झिजली की उलटी करून शिवतात ना? रॉड उलटा लावा. शेपटीकडचा सगळा कोरा आहे."

मीच काढला, मीच उलटा धरला, मीच घट्ट केला. त्या क्षणी शेंदूर आठवला का? नाही. आईशप्पथ नाही.

तिसऱ्या दिवशी बाई धावत वर्कशॉपमधे आल्या. "काका, चला, बघायला चला!" पडद्यावर रोजच्या काट्यांच्या पलीकडे नवे काटे उभे होते. प्रत्येक टोळक्याच्या मागे, बरोबर दोनशे सात अंतरावर, एक जोडीदार. आणि गंमत अशी की या जोडीदारवाल्या टोळक्यांवर हायड्रोजन सोडला तर ती शांत. ढिम्म. जी टोळकी एरवी हायड्रोजनवर तुटून पडायची, तीच आता मौनव्रतात.

साहेबांचे डोळे असे झाले की मला वाटलं आता पेढे मागवणार. बेरीज झाली. तीन कोबाल्ट, म्हणजे एकशे सत्याहत्तर. एक अ‍ॅल्युमिनियम, सत्तावीस. तीन हायड्रोजन, तीन. एकूण दोनशे सात. म्हणजे हे चार धातूकणांचं छोटं टोळकं हायड्रोजन पोटात घेऊन मोठ्याला चिकटतं आणि त्याचं तोंड बंद करतं. असं कोणी कधी बघितलं नव्हतं. बेरीज बरोबर होती हो. माणूस चुकीचा पकडला होता.

बाईंना एक शंका होती. हायड्रोजन बंद ठेवला तरी काटा येत होता. साहेब म्हणाले, नळीत उरलेला असेल. आठवड्याने काटा खुरटायला लागला. साहेब म्हणाले, लेझरची ताकद उतरली. मग त्यांनीच एकदा विचारलं, मी तिथे स्टुलावर बसून चहा पीत होतो, "सामंत, रॉडमधे काही घाण तर नाही ना?"

बाईंनी माझ्याकडे बघून हसून उत्तर दिलं, "सर, रॉड परबकाकांचा आहे."

"हां, मग प्रश्नच नाही," साहेब म्हणाले. मी चहाचा घोट घेतला. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो घोट गोड लागला.

चार दिवसांनी संपलेला रॉड माझ्याकडे आला, मोडीत टाकायला. मी खिडकीत धरला. शेपटीकडे लेथच्या बारीक रेघांमधे केशरी काहीतरी अडकलेलं होतं, आणि त्यावरून लेझरचे टोले गेलेले होते. रॉड फडक्यात गुंडाळला. परेराकडे गेलो.

"शेंदूर कशाचा करतात रे?"

"मला काय विचारतोस? तुमचा देव."

"परेरा, मस्करी नको."

"शिशाचा. लाल शिसं. आम्ही भारी काचेत घालतो. तू ग्रीलला रंगाआधी जो लाल हात मारतोस ना, त्यातपण तेच. का रे?"

लॅबच्या भिंतीवर सगळ्या धातूंचा तक्ता होता, चौकोन चौकोन. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे वाचता येतात. आणि शिशाचा चौकोन परेराने बोट ठेवून दाखवला. खाली लिहिलं होतं, दोनशे सात आणि वर थोडं.

"आयला," परेरा म्हणाला. मग त्याने तक्त्यावरचं बोट पँटला पुसलं.

बाईंना शिशाचं वजन माहीत नव्हतं का? पाठ होतं. पण ज्या घरात साप येऊच शकत नाही अशी खात्री असते, तिथे साप समोर वेटोळं घालून बसला तरी माणूस त्याला दोरी समजून उचलतो. ती खात्री मी होतो.

"जाऊन सांग," परेरा म्हणाला.

"सांगतो."

घरी वत्सलाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, देवाची करणी, गप्प राहा. ती म्हणाली, "चूक माजी. पण हात तुमचो. सांगा."

"नोकरी जायत."

"नोकरी जायत नाय. नाक जायत. तां जाव दे."

बरोबर ओळखलं तिने. नोकरीची भीती नव्हती, दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचं होतं. भीती त्या वाक्याची होती. रॉड परबकाकांचा आहे. ते वाक्य मला ऐकायला मिळायचं बंद झालं असतं.

पुढचा महिना माझी कारणं ऐका. सोमवार, बाईंना सर्दी आहे. गुरुवार, साहेब खूश आहेत, आज नको. शनिवार, साहेब रागात आहेत, आज तर नकोच. एकदा लॅबच्या दारापर्यंत गेलो आणि विचारलं काय, तर "बाई, पंखा पुसून देऊ का?" त्यांनी हो म्हटलं. मी पंखा पुसला. संध्याकाळी वत्सलाने दारातच विचारलं, "सांगलात?" मी म्हटलं, "पंखो पुसलंय." ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसू थांबल्यावर म्हणाली, "तां चेडू सगळ्या जगासमोर उभा रवान खोटा बोलतला. तेका म्हायत नाय तां खोटा असा. तुमका म्हायत असा."

कारण मधल्या काळात पेपर लिहून झाला होता. बाईंचं नाव पहिलं. परदेशातल्या एका मोठ्या सभेत तो वाचला जाणार होता. तिथले लोक घरी जाऊन तोच प्रयोग करून बघणार, त्यांना दोनशे सात कधीच मिळणार नाही, आणि मग सामंत हे नाव निघालं की माणसं एकमेकांकडे बघून हसणार. साहेबांचं काय, त्यांचे पन्नास पेपर झाले होते. बाईंचा हा पहिला. पाकीट मंगळवारी सकाळी अकराच्या टपालाला जायचं होतं.

सोमवारी मी खरंच ठरवून गेलो होतो. साहेब बाहेरगावी होते, म्हणजे नड नव्हती. बाई टाइपरायटरवर शेवटचं पान बडवत होत्या. म्हटलं, पान होऊ दे. पान झालं. म्हटलं, जेवण होऊ दे, उपाशीपोटी कशाला. जेवणाच्या आधी वर्कशॉपमधला फोन वाजला. परेराने उचलला. आमच्या चाळीखालच्या वाण्याचा होता. परेराने मला काही सांगितलं नाही, फक्त हाताला धरून रिक्षात बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. आम्ही पोचलो तेव्हा तिला खाली चटईवर निजवलं होतं. संध्याकाळी सगळं उरकलं. परेरा शेवटपर्यंत होता, चप्पल हातात धरून.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. सामंतबाईंची पीएचडी झाली, एक वर्ष उशिरा. नवा रॉड, नवे प्रयोग, काटा नाही. मग त्यांनी मुद्दाम रॉडवर शिसं चढवून बघितलं आणि शिशाचा एक कण मोठ्या टोळक्याचं तोंड बंद करतो हे खरंच निघालं. त्यावर एक प्रकरण लिहिलं, ते लोकांना आवडलं म्हणतात. साहेब मला एवढंच म्हणाले, "परब, पुढच्या वेळी चंदन लावा." प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभारात माझं नाव आहे. त्याच्याखाली वत्सलाचं आहे. मी विचारलं, हिचं कशाला? बाई म्हणाल्या, "महिनाभर सांगा सांगा कोण म्हणत होतं?" ते त्यांना परेराने सांगितलं होतं, नंतर कधीतरी.

पण मंगळवारी सकाळी त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी शर्ट चढवला. घरात माणसं होती. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सुतकात खंय चललंस?" मी म्हटलं, बारापर्यंत येतो. तो काहीतरी बोलणार होता, त्याच्या बायकोने त्याला धरलं.

लॅबचं दार उघडं होतं. बाई पाकिटावर तिकिटं चिकटवत होत्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"या ना काका. काल कुठे गायब झालात? आत या."

"नाही, इथूनच बोलतो. बाई, पाकीट टाकू नका."

"का?"

"तो तुमचा दोनशे सातचा काटा शेंदराचा आहे."

त्या हसल्या. मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, टिळा, पुसला पण धुतला नाही, कॉलरसारखा उलटा केला, सगळं. वत्सलाचं नाव घेतलं नाही. शेंदूर माझा, असंच सांगितलं. सांगत असताना त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या. माझं संपलं तरी बघत होत्या.

"शिसं," त्या म्हणाल्या. "शिसं! अहो काका, सर विचारत होते! रॉड घाण आहे का म्हणून विचारत होते, आणि मी काय म्हटलं?"

"रॉड परबकाकांचा आहे."

"मग? तुम्हाला कधी कळलं?"

"महिना झाला."

"महिना! महिनाभर तुम्ही त्या स्टुलावर बसून माझ्यासमोर चहा पिताय! मी तुम्हाला पहिलं पान वाचून दाखवलं! मराठीत समजावून सांगितलं, मूर्खासारखं! तेव्हा नाही सांगावंसं वाटलं?"

"वाटलं."

"मग? परवा का नाही सांगितलंत? काल का नाही? काल मी अख्खा दिवस इथे टाइप करत बसले होते, काल काय झालं होतं तुम्हाला?"

"राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं! भाजी आणायची राहिली तसं राहिलं!"

आवाज ऐकून परेरा काचेची नळी हातात घेऊन आला. मला तिथे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अहो बाई," तो म्हणाला, "जरा थांबा, काल याची..."

"परेरा," मी म्हटलं, "तुझं काम कर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो मागे सरकून भिंतीला टेकून उभा राहिला.

एक वाक्य बोललो असतो तर बाई तिथल्या तिथे थांबल्या असत्या. नाही बोललो. त्या बोलत राहिल्या, चांगला अर्धा तास. लाज नाही म्हणाल्या. विश्वासघात म्हणाल्या. अडाणी म्हणाल्या, मग त्याबद्दल सॉरी म्हणाल्या, मग पुन्हा अडाणी म्हणाल्या. मी हात बांधून, मान खाली घालून, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

मग त्या दमल्या. पाकीट उचललं, खणात टाकलं, आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला.

"नवा रॉड कधी हवा?" मी विचारलं.

"आत्ता हवा. आत्ता!"

मी वर्कशॉपमधे जाऊन कपाटाचं कुलूप काढलं, एव्हाना परदेशातून आलेली नवी कांडी घेतली, चकमधे धरली आणि लेथ चालू केला.